गादीवरचा रोग: दैव कीं रूढि?

आमच्या परिचयाचे एक घाऊक किराणा व्यापारी आहेत. वय बावन्न. घर आणि दुकान यांतील अंतर चारशें पावलांचें. तरीहि गेलीं वीस वर्षें हें अंतर त्यांनीं गाडीवर बसूनच काटलें. गेल्या वर्षीं त्यांस हृदयविकाराचा झटका आला. वेळीं उपचार मिळाल्यामुळें प्राण वाचला, आणि डॉक्टरांनीं औषधांबरोबर रोज अर्धा तास चालण्यास सांगितलें. चालणें सुरू झालें, पण कसें? पहाटे साडेचार वाजतां, अंधारांत, मागच्या बोळानें! कारण विचारतां ते म्हणाले, "दिवसा पेठेंतून पायीं निघालों तर दहा जण विचारतात, 'शेटजी, गाडी विकली काय?'" मरणाच्या दारांतून परत आलेल्या मनुष्यास पायीं चालण्याची लाज वाटावी, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्या रोगानें हे गृहस्थ अंथरुणास खिळले, त्याचें निम्में निदान आमच्या मतें त्यांच्या या एका वाक्यांत आहे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात हे रोग आपल्या मध्यम व व्यापारी वर्गांत आतां इतके घरोघर झाले आहेत कीं, त्यांचें कोणास नवल वाटेनासें झालें आहे. पन्नाशी उलटली कीं साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरांत यावयाच्याच, अशी समजूत दृढ झाली आहे. कोणी म्हणतो हें वडिलांपासून आलें. कोणी म्हणतो हा वयाचा धर्म. आणि ज्यास दुसरें कांहीं सुचत नाहीं तो कपाळावर बोट ठेवतो. वंश, आहार, तंबाखू, अपुरी झोंप, चिंता हीं कारणें खोटीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आरोपींच्या यादींतून एक नांव नेहमीं गाळलें जातें, आणि तें म्हणजे आपलें बैठें आयुष्य. तें गाळलें जाण्याचें कारणहि उघड आहे. स्वतःचें अंग न हलवितां ज्याचें चालतें तो मोठा, ही आपली जुनी समजूत. पाण्याचा पेला दुसऱ्यानें हातांत द्यावा, एक मजला चढावयास लिफ्ट असावी, कोपऱ्यावरच्या दुकानांत जाण्यास गाडी काढावी, यांत आपणांस आळस दिसत नाहीं, इभ्रत दिसते. रोग निव्वळ दैवाचा असेल तर संपादकानें लेखणी खालीं ठेवावी. पण त्याचा मोठा भाग रूढीचा असेल, तर तो सुधारकाच्या अधिकारांतला विषय आहे. म्हणून प्रथम पुरावा पाहूं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह असून, आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आणि प्रौढांपैकीं शेंकडा ३५ हून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. आतां दुसरी बाजू पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या व इतर संशोधकांनीं २०२४ सालीं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत जो हिशेब मांडला, त्याप्रमाणें पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचें प्रमाण २००० सालीं शेंकडा २२ च्या आसपास होतें, तें २०२२ सालीं शेंकडा ४९ च्या वर गेलें. पुरुषांत शेंकडा ४२, तर स्त्रियांत शेंकडा ५७. बावीस वर्षांत आंकडा दुपटीहून अधिक झाला! परंतु दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. एवढ्याच पुराव्यावर कोणतेंहि न्यायालय आरोपीस शिक्षा देणार नाहीं. याहून बळकट साक्ष पाहिजे, आणि ती उपलब्ध आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत इंग्लंडांत हृदयविकारानें मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढूं लागली होती, आणि तिचें नेमकें कारण कोणास सांगतां येत नव्हतें. तेव्हां जेरेमी मॉरिस नांवाच्या डॉक्टरांस व त्यांच्या सहकाऱ्यांस एक साधी पण मार्मिक युक्ति सुचली. लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन माणसें काम करीत: एक ड्रायव्हर व एक कंडक्टर. मुंबईच्या वाचकांस हें चित्र निराळें समजावून सांगावयास नको, कारण मुंबईंतहि तशाच दुमजली गाड्या १९३७ सालापासून रस्त्यावर आल्या. दोघांचा मालक एक, शहर एक, समाजांतील थर बहुतांशीं एक. फरक इतकाच कीं, ड्रायव्हर आपल्या पाळीचा बहुतेक वेळ आसनावर बसलेला असे, आणि कंडक्टर तिकिटें देत गाडीभर फिरे. वरच्या मजल्यावर जातांयेतां दिवसाकांठीं तो सुमारें ५०० ते ७५० पायऱ्या चढे. सुमारें ३१ हजार वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासून मॉरिस यांनीं १९५३ सालीं 'लॅन्सेट' मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. कंडक्टरांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार ड्रायव्हरांपेक्षां कमी आढळला. जो होई तो उशिरां होई. आणि त्यांत मरण ओढवण्याचें प्रमाणहि कमी होतें. टपालखात्यांतहि हाच प्रकार दिसला. पायीं किंवा सायकलीवरून पत्रें वांटणारे पोस्टमन एका बाजूस, टेबलाशीं बसणारे कारकून व टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूस. रोगाचा कौल पुन्हा बसणाऱ्यांविरुद्धच पडला.

येथें प्रतिपक्षाचा वकील उभा राहून अवश्य विचारील: बसण्यानें रोग झाला हें कशावरून? कदाचित् जे मुळांतच स्थूल होते तेच ड्रायव्हरच्या जागेकडे वळले असतील! प्रश्न रास्त आहे, आणि मॉरिस यांनीं तो स्वतःच स्वतःस विचारला. कामगारांस मिळणाऱ्या गणवेशांच्या नोंदी काढून त्यांच्या मंडळींनीं विजारींच्या कमरेचीं मापें पाहिलीं. ड्रायव्हर खरोखरच अधिक घेराचे निघाले, आणि तेहि तरुण वयापासून. म्हणजे आक्षेपांत तथ्य होतें. परंतु सारख्या घेराचे ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांशीं ताडून पाहिले तेव्हां सडपातळ काय, मध्यम काय किंवा स्थूल काय, प्रत्येक वर्गांत अकस्मात् मरणाचें पारडें ड्रायव्हरांकडेच झुकलेलें दिसलें. मॉरिस स्वतः म्हातारपणापर्यंत व्यायाम करीत असत व ९९ वर्षें जगून २००९ सालीं वारले. पण एका मनुष्याच्या आयुष्यावरून नियम काढण्याचा मोह आम्ही टाळतों.

इतक्यानेंहि ज्याचें समाधान होणार नाहीं त्यानें मधुमेहाकडे पाहावें. येथें नुसतें निरीक्षण झालें नाहीं; प्रत्यक्ष प्रयोग झाले. चीन देशांतील दाछिंग शहरांत १९८६ सालीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५७७ लोक निवडून त्यांचे चार गट करण्यांत आले. एका गटास नेहमींचा सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्यास आहाराचें नियमन, तिसऱ्यास व्यायाम, आणि चौथ्यास दोन्ही. सहा वर्षांनीं पहिल्या गटांतील शेंकडा ६८ लोक मधुमेही झालेले आढळले. व्यायाम करणाऱ्या गटांत शेंकडा ४१. चीन दूरचा वाटत असेल तर चेन्नईकडे वळावें. तेथें डॉ. रामचंद्रन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच ५३१ भारतीयांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २००६ सालीं बाहेर आला. तीन वर्षांत, ज्यांस केवळ नेहमींचा सल्ला दिला होता त्यांपैकीं शेंकडा ५५ लोकांस मधुमेह जडला. ज्यांच्या आहारांत सुधारणा करून ज्यांस रोज अर्धा तास झपझप चालण्यास सांगितलें होतें, त्यांत हेंच प्रमाण शेंकडा ३९ होतें. मेटफॉर्मिन हें औषध दिलेल्या गटांतहि प्रमाण जवळजवळ तितकेंच राहिलें. या प्रयोगांत आहाराचाहि वांटा होता, तेव्हां सारें श्रेय पायांस देतां येणार नाहीं. तथापि शंभरांतील पंधरा-सोळा माणसें औषधावांचून त्या तीन वर्षांत रोगापासून दूर राहिलीं, हें तर खरें ना? ज्यास आपण दैव म्हणत आलों त्यांतला एवढा भाग तरी आपल्याच हातीं होता, असें यावरून सिद्ध होतें.

हें घडतें कसें, तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जेवणानंतर रक्तांत येणारी साखर सांठविण्याचें सर्वांत मोठें कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि इन्शुलिन ही त्या कोठाराची किल्ली. स्नायू निष्क्रिय राहिले कीं कुलूप गंजूं लागतें. किल्ली फिरेनाशी होते, आणि माल दारांत, म्हणजे रक्तांत, पडून राहतो. तेच स्नायू कामास लागले म्हणजे या किल्लीवांचूनहि साखर आंत घेण्याचा दुसरा दरवाजा उघडतो, व त्या श्रमाचा सुपरिणाम पुढें कांहीं तास, कधीं एक-दोन दिवसहि टिकतो. म्हणून महिन्यांतून एकदां गड चढून येण्यापेक्षां रोजचें चालणें अधिक उपयोगी. नियमित श्रमानें रक्तदाब उतरतो, आणि हृदय थोड्या ठोक्यांत अधिक काम करूं लागतें. जो माल फिरत नाहीं तो सडतो, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. शरीराचाहि व्यवहार तोच आहे.

आतां नित्य ऐकूं येणारे पूर्वपक्ष घेऊं. पहिला: "आम्ही सडपातळ आहोंत, आम्हांस हें लागू नाहीं." पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं या भ्रमाचें निरसन मोठ्या गमतीनें केलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' मध्यें त्यांनीं स्वतःचें आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९, आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगांत शेंकडा २१! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटांत चरबी दडलेली असूं शकते, आणि कांट्यावरचें वजन ती दाखवीत नाहीं.

दुसरा पूर्वपक्ष: "वेळ कोठें आहे?" जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं ठरविलेलें मान असें आहे कीं, आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल, जसें कीं झपझप चालणें, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराचा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंस बळ येईल असे श्रम करावेत. आठवड्याचीं मिनिटें १०,०८०. त्यांतलीं १५० म्हणजे रुपयांतील दीड पैसा. उधारीवर याहून कितीतरी अधिक सूट आपण देतों! शिवाय हीं मिनिटें एकदम खर्चावीं असाहि नियम नाहीं. दहा मिनिटें सकाळीं, दहा दुपारीं, दहा रात्रीं अशीं ठेवलीं तरी तीं खातीं जमा होतात. आणि मान पुरें झालें नाहीं तरी थोडें करणें हें कांहींच न करण्यापेक्षां निश्चित चांगलें.

तिसरा पूर्वपक्ष अधिक गंभीर आहे. "हमाल दिवसभर पोतीं वाहतो, मोलकरीण चार घरचीं भांडीं घांसते, ते कोठें निरोगी आहेत?" यावर आमचें उत्तर असें कीं, विश्रांति, पोटभर अन्न व आपल्या मर्जीचा वेग यांवांचून केलेले कष्ट आणि व्यायाम यांत महदंतर आहे. ज्याची पाठ ओझ्यानें वांकली त्यास आम्ही चालण्याचा उपदेश करीत नाहीं. त्याच्यासाठीं हलकें पोतें, योग्य मजुरी आणि सुट्टी मागितली पाहिजे. हा लेख त्याच्यासाठीं नसून, पोतीं उतरत असतांना जो गादीवर बसून नग मोजतो त्याच्यासाठीं आहे. आणि आम्हीहि खुर्चींत बसूनच हा लेख लिहीत असल्यामुळें आम्ही स्वतःस त्यांतून वगळीत नाहीं.

एक सूचना मात्र आग्रहानें करतों. ज्यास छातींत दुखतें, थोड्या श्रमानें दम लागतो किंवा पूर्वीं हृदयविकार झाला आहे, त्यानें आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा व हळूहळू वाढवीत जावें. चालूं लागलों म्हणून डॉक्टरांनीं दिलेलें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. एका अंधश्रद्धेच्या जागीं दुसरी बसविणें ही सुधारणा नव्हे.

व्यायामाचें महत्त्व महाराष्ट्रास बाहेरून कोणी शिकवावें असें नाहीं. गांवोगांवच्या तालमी ही आपली जुनी संपत्ति आहे. औंधाचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार व्रत मानून केला. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्यास १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. देश परतंत्र असतां तरुणांनीं बलवान् व्हावें हा त्या काळच्या चळवळीचा हेतु होता, आणि तो योग्यच होता. परंतु त्यांतून एक विपरीत समजूत मागें राहिली, ती ही कीं व्यायाम हा पोरासोरांचा विषय. लग्न झालें, दुकानाची किल्ली हातीं आली, कीं लंगोट खुंटीवर जातो तो कायमचा. खुराक तेवढा चालू राहतो! रोग येतो तो मात्र नेमका चाळिशी-पन्नाशींत, म्हणजे पेढीचा भार, मुलांचीं शिक्षणें आणि म्हातारे आईबाप हीं सर्व एकाच खांद्यावर असतांना. तो खांदा निखळला कीं एक माणूस जात नाहीं. एक घर बसतें. स्वराज्य मिळवितांना देशास तरुणांचे दंड लागले. तें चालवितांना चाळिशीच्या कर्त्या माणसांचीं हृदयेंहि धड असावीं लागतात.

आणि कर्त्या माणसांत आम्ही स्त्रियांस धरतों. वर दिलेला शेंकडा ५७ चा आंकडा वाचून "बायकांना घरकाम पुरेसें आहे" असें म्हणण्याचें धाडस आतां कोणी करूं नये. घरकामानें शीण येतो हें खरें. पण त्यांतला बराच भाग ओट्यापाशीं उभें राहण्यांत जातो, आणि अंगास वेग येईल अशी हालचाल त्यांत थोडी. मुलगा सायंकाळीं मैदानावर गेला तर तो उत्साही, सून अर्धा तास फिरावयास गेली तर "हिला घरांत कामें नाहींत काय?" सासूबाईंच्या गुडघ्यांची आणि साखरेची चर्चा घरांत रोज होते, परंतु त्यांच्या पायांत चालण्याचे बूट असावेत हें घरांत कोणास सुचत नाहीं. ज्या समाजानें विरोध गिळून स्त्रीस शाळेची वाट मोकळी करून दिली, त्यास तिच्यासाठीं सायंकाळचा रस्ता मोकळा करणें अशक्य आहे काय?

व्यक्तीस उपदेश करून सार्वजनिक संस्थांस मोकळें सोडावें असेंहि आमचें मत नाहीं. चालावें तर चालावें कोठें? मुंबईखेरीज राज्यांतील इतर महानगरपालिकांस लागू असलेला १९४९ चा अधिनियम पाहावा. रस्त्यांवरील अडथळे दूर करणें हें कलम ६३ खालीं पालिकेचें आवश्यक कर्तव्य आहे. उद्यानें व क्रीडांगणें यांची व्यवस्था मात्र कलम ६६ खालीं तिच्या स्वेच्छेवर सोडलेली आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचें कलम १२७ तर प्रत्येक नागरिकानें वाचण्यासारखें आहे. विकास आराखड्यांत मैदानासाठीं राखलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाहीं, आणि मालकानें नोटीस दिल्यावरहि ठराविक मुदतींत संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत, तर तें आरक्षण संपुष्टांत येतें. मालकाच्या हक्काच्या दृष्टीनें ही तरतूद न्याय्यच आहे. दोष असेल तो दहा वर्षें निजून राहणाऱ्या पालिकेचा, आणि तिला न जागविणाऱ्या आपला. व्यापारी बंधूंनीं रागावूं नये, पण पदपथ अडविणाऱ्यांत आपल्या दुकानाच्या पायऱ्या, पाट्या आणि पोतीं यांचाहि वांटा आहे. सकाळीं चालावयास जागा नाहीं म्हणून तक्रार करणाऱ्यानें दहा वाजतां तीच जागा स्वतः व्यापूं नये.

म्हणून आमच्या सूचना तीनच आहेत. प्रत्येक पेठेच्या व्यापारी मंडळानें असा ठराव करावा कीं, हजार पावलांच्या आंतील कामास, अशक्त व वृद्ध यांखेरीज, सभासदांनीं पायीं जावें, आणि आपल्या दुकानापुढील पदपथ आपणच मोकळा ठेवावा. प्रत्येक घरानें घरांतील स्त्रियांचा अर्धा तास ठरवून त्या वेळचें काम पुरुषांनीं अंगावर घ्यावें. आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपल्या प्रभागांतील मैदानांच्या आरक्षणांचें काय झालें, किती वर्षें उलटलीं, हें तारीखवार विचारावें. यांत कोणताहि मोठा खर्च नाहीं, आणि कोणाच्या धर्मास बाध नाहीं. बाध येईल तो एका खोट्या इभ्रतीस, आणि तिच्यासाठीं अश्रु ढाळण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

आरंभीं ज्यांची हकीकत सांगितली ते शेटजी अजून अंधारांतच चालतात. त्यांनीं दिवसा चालावें म्हणून त्यांस धीर देणें हें एकट्या डॉक्टरांचें काम नाहीं. उद्यां ते पेठेंतून पायीं येतांना दिसले, तर गाडी विकली काय असें विचारण्याऐवजीं कोणी तरी गादीवरून उठून चार पावलें त्यांच्याबरोबर चालावें. सुधारणेचा आरंभ तेवढ्यानें होईल.